सुई शिरते तेव्हा

१

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बापाच्या खांद्यावर बसलो होतो. चिचगडच्या पलीकडे, जंगलात, मोहाच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत कोंबड्यांची झुंज लागली होती. माणसं गोल उभी होती. मधे दोन कोंबडे. त्यांच्या पायाला काती बांधलेली. काती म्हणजे बोटाएवढी धारदार पट्टी. लोक ओरडत होते, हसत होते, एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. मग एका कोंबड्याच्या पांढऱ्या छातीवर लाल रेघ उमटली आणि सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्यात तो आवाज आला.

हाऽ.

ओरडणं नव्हतं ते. इतक्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला होता. भाताच्या हंडीवरचं झाकण उचललं की वाफ निघते, तसा. मऊ आणि गरम. बापाची मान माझ्या मांड्यांमध्ये होती. ती सैल पडली, हे मला कळलं. त्यानंतर लोक पुन्हा ओरडायला लागले.

घाबरला की माणूस श्वास आत ओढतो. साप दिसला, कोणी मेल्याची खबर आली, की श्वास आत जातो. हे मी पुढे खूपदा पाहिलं. पण तो आवाज बाहेर जाणाऱ्या श्वासाचा होता. डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर माणूस सोडतो, तसा.

मोठा झाल्यावर मी कोंबडा लढवला नाही, काती बांधली नाही. माझ्याच्यानं ते होत नसे. मी फाटलेले कोंबडे शिवायचो. डोक्यावर फडकं टाकायचं, जखमेभोवतीची पिसं उपटायची, मोहाच्या दारूनं धुवायचं, हलक्या हातानं टाके घालायचे आणि वरून हळद भरायची. कोंबडा जगायचा. बरा झाला की मालक त्याला पुन्हा काती बांधायचा. "यादोरावचा हात हलका," असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

माझी बायको पार्वता वारली, तेव्हापासून मी तिकडे गेलो नाही. पण गावात कुत्र्यानं किंवा मुंगसानं फाडलेली कोंबडी असली, तर लोक अजून माझ्याच दारी आणतात.

यंदा धान घरात आल्यावर, थंडीच्या दिवसांत, तो आवाज मी पुन्हा ऐकला. माझ्याच घरात.

२

आमचं घर लहान आहे. समोर ओसरी, मधे एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा आणि तिच्यामागे सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची जागा. मुलगा संघदीप रायपूरला ट्रक चालवतो, महिन्यातून एखादवेळी येतो. सून अल्का शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जाते. नात खुशी अंगणवाडीत टिकत नाही. सोडली की थोड्या वेळानं रडत परत येते. म्हणून ती दिवसभर माझ्याजवळ असते.

"तुमी हाव म्हणून बरं, मामाजी," अल्का म्हणते. "नाही तं हिले पाठीवर बांधून मी खिचडी ढवळली असती का?"

"बांध ना मंग मले," खुशी म्हणते.

"तुले बांधलं तं खिचडीचा गंज कोन उचलन? तूच एवढी जड."

त्या दिवशी सकाळी शालीकराम आला. तो माझा शेजारी. आमच्यात वयाचं अंतर आहे, पण बोलण्यात नाही. त्याच्या काखेत तपकिरी कोंबडी होती.

"यादोराव दादा, हे पाय ना गा. मुंगसानं धरली. अंड्यावर बसली होती. मेली तं माही बायको मलेच कापन."

"तुले कापून का भेटन तिले? हाडंच हाडं."

"म्हणून तं वाचून राहिलो आजवर."

मी ओसरीत पोतं अंथरलं. खुशी नेहमीसारखी समोर बसली. कोंबडीचे पाय धरायचं काम तिचं असतं.

"घट्ट धरू, आजा?"

"हलक्यानं धर. तिले दुखते."

मांडीजवळची कातडी उलटली होती. मी फडकं टाकलं, पिसं काढली. सुई टेकवली, दाबली. सुई शिरली, तिच्या बाजूनं रक्ताचा एक थेंब वर आला आणि माझ्या पाठीमागे, मधल्या खोलीत, आवाज आला.

हाऽ.

माझा हात थांबला.

"घरात कोन आहे?" मी विचारलं.

"कोन राहीन?" शालीकराम म्हणाला. "अल्का तं शाळेत गेली. म्या पाह्यली जाताना."

"कोनी तरी होतं."

"कान वाजून राहिले तुहे. म्हातारा झाला गा तू."

मी टाका तसाच सोडून उठलो. खोलीत कोणी नव्हतं. धान साठवायची ढोली होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. मागचं दार आतून लावलेलं होतं. एवढंच होतं की खोलीत ऊब होती. त्या खोलीत सकाळचं ऊन येत नाही. थंडीत तिथं पाय ठेवला की फरशी चावते. पण तेव्हा तिथं जत्रेत माणसांच्या मधे उभं राहिल्यावर वाटते तशी ऊब होती.

मी परत येऊन उरलेले टाके घातले. पुढच्या टाक्यांना काही झालं नाही.

३

मी कमी शिकलेला माणूस आहे, पण आवाजाला काही तरी कारण असते हे मला कळते. छपराच्या कवेलूतून वारा शिरला असेल. गॅसची नळी सुटली असेल. मी नळीला नाक लावून पाहिलं. गाय फुसफुसली असेल म्हणावं, तर गाय चरायला गेलेली.

मग मी एक केलं. बारदान्याचा फाटका तुकडा घेतला आणि तीच सुई, तोच दोरा घेऊन त्याच जागी शिवत बसलो. सुई शिरली, निघाली. पुन्हा शिरली. घर गप्प होतं. खुशीची फाटलेली चड्डी शिवली. तरी घर गप्पच.

दोन-चार दिवसांनी गावातल्या एका बाईनं कुत्र्यानं फाडलेला तलंगा, म्हणजे कोवळा कोंबडा, आणला. सुई टेकवली तेव्हा काही नाही. शिरली तेव्हाही नाही. थेंब वर आला, तेव्हा तो आला. या वेळी तो खोलीच्या आतून नाही, उंबऱ्यावरून आल्यासारखा वाटला.

बाईनं काही ऐकलं नाही. ती फोनवर बहिणीशी बोलत होती. मी मान वळवली नाही. वळवली असती तर कोणी दिसलं नसतं, हे मला माहीत होतं. आणि कोणी दिसलं असतं तर काय केलं असतं, हे माहीत नव्हतं.

तलंगा मात्र जगला. अजून बागडतो.

४

मग माझ्या मनात वाईट विचार आला. तो मी इथं लिहितो, कारण तो मला आला होता.

दोन्ही वेळेला खुशी माझ्यासमोर होती. पाय धरून, मान खाली घालून. लहान पोराचा श्वास कधी कधी भिंतीला लागून दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. मी तिला मांडीवर घेतलं.

"बेटा, मी सुई टोचतो तेव्हा तू तोंडानं काही करते का?"

"नाही."

"हाऽ, असं?"

"तसं तं तुमी करून राहिले आता," ती हसली.

"तुले भेव लागते का, रक्त पाहून?"

तिनं विचार केला. लहान पोरं विचार करतात तेव्हा त्यांची भुवई वर जाते, तशी तिची गेली.

"आधी लागते," ती म्हणाली. "मंग नाही लागत. आजा, त्या दिवशी तुमी थांबले ना टोचता टोचता? मले वाटलं, पुन्हा कवा टोचतेत."

"काऊन?"

"असंच."

ती मांडीवरून उतरून खेळायला गेली.

रोज संध्याकाळी अल्का दिवा लावते आणि खुशीकडून वंदना म्हणून घेते. त्यात पहिलं शील आहे, कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही असं. खुशीला शब्द नीट येत नाहीत, पण ती डोळे घट्ट मिटून, हात जोडून म्हणते. त्या संध्याकाळी मी मागे बसलो होतो. मला तिच्या पाठीकडे पाहवेना. तिच्यासमोर मी कोंबड्या शिवल्या. तिला पाय धरायला शिकवलं. मला वाटायचं, पोर जीव वाचवायचं शिकून राहिली आहे. ती आणखी काय शिकली, ते मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक कोंबडी आली, तेव्हा मी खुशीला शालीकरामच्या घरी पाठवलं. कोंबडीचे पाय दोरीनं बांधले. एकटा बसून सुई लावली.

थेंब वर आला आणि आवाज आला.

पोरीवर संशय घेतला म्हणून मला लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो तिचा असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

५

आता संशय घ्यायला राहिलो मीच. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून कुठलेही आवाज निघतात. उठताना, बसताना. आपले आपल्याला कळत नाहीत. पार्वता म्हणायची, "तुमी झोपेत कोंबड्यासंग बोलता."

म्हणून मी तोंडात पाणी धरायचं ठरवलं. तोंडात गच्च पाणी असलं आणि श्वास तोंडानं सोडला, तर पाणी सांडेल. नाकानं सोडला तर तसा आवाज होत नाही. मी करून पाहिलं होतं.

त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. अल्का शाळेत, खुशी शालीकरामच्या सुनेबरोबर दुकानात. शिवायला कोंबडीही नव्हती. मी ओसरीत बसलो, मोठा घोट घेऊन तोंड बंद केलं आणि डाव्या हाताच्या बोटात सुई टोचली.

शिवणारा माणूस स्वतःला टोचायचं टाळतो. सुई किती आत जाते हे त्याला ठाऊक असते. मी जरा जास्तच दाबली. थेंब वर आला. गोल, काळपट.

हाऽ.

कानाजवळ. इतका जवळ, की मानेवरचे केस ओले झाल्यासारखे वाटले.

माझं तोंड बंद होतं. गाल फुगलेले होते. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नव्हता. मी तसाच बसून राहिलो. मग अंगणात जाऊन पाणी थुंकलं. ते कोमट झालं होतं.

आवाज माझा नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी छातीवर हात ठेवला तर छाती रिकामी होती. भारा उतरवल्यावर असते तशी. श्वास कोणी सोडला होता, मला माहीत नाही. हलकं मला वाटत होतं.

६

मी शिवणं बंद केलं. सुई-दोरा अल्काच्या शिवणाच्या डब्यात टाकून दिला.

"काऊन गा?" शालीकराम म्हणाला. "आता आमच्या कोंबड्यायनं कुठी जावं? गोंदियाले?"

"डोरे दिसत नाही आता."

"काल तं दुरून म्हणत होता, माह्या धोतराले भोक आहे."

"ते सगळ्या गावाले दिसते."

तो हसला, पण गेला नाही. तंबाखू मळत बसला. मी त्याला विचारलं, "शालीकराम, कोंबडे कायले लढतेत?"

"सभाव आहे त्यायचा."

"काती नसली तं?"

"नसली तं दोन चोची मारतेत. एक पळते. झालं."

"मंग काती कोनाचा सभाव आहे?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुले ताप गिप आहे का गा?" म्हणाला.

आवाज बंद झाला. घर पहिल्यासारखं झालं. आणि मला झोप येईना. दिवसा बसल्या बसल्या माझे कान मधल्या खोलीकडे लागलेले असायचे. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे मला आधी कळलं नाही. खुशी झाडावर चढली की मी तिच्या पायांकडे पाहायचो. तिनं पडू नये म्हणून पाहतो, असं मला वाटायचं. अल्का कांदा चिरायला बसली की माझी नजर तिच्या बोटांवर जायची.

एकदा शालीकरामकडे पाहुणे आले. कोंबडा कापायचा होता. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी काही तरी मागायच्या निमित्तानं गेलो. पाहुणे खाटेवर बसून मोबाईल दाखवत होते एकमेकांना. शालीकरामनं कोंबड्याची मान धरली. मी जाणून लोकांच्या तोंडांकडे पाहत उभा राहिलो. एकाचंही तोंड उघडं नव्हतं. आणि तो आला. त्यांच्या सगळ्यांच्या मधून आला. कोणी दचकलं नाही.

त्या दुपारी मला चांगली भूक लागली.

"आज मामाजीनं दुसऱ्यांदा भात घेतला," अल्का खुशीला सांगत होती. ती खूश होती. "असेच जेवत जा, मामाजी. तुमाले काही झालं तं ह्या पोरीचं मी कसं करू? माह्यं कामही जाईन आन पोरही रडन."

तिला सांगायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं की पोरीला माझ्याजवळ ठेवू नको. पण सांगितलं तर पोर माझ्याजवळून जाणार होती. आणि सांगणार काय? मी कोणाला बोट लावलं नव्हतं. मी उभ्या आयुष्यात कोणाला मारलं नाही. बैलालाही नाही.

मी पाणी प्यालो आणि ताट उचललं.

७

दुपार कलली होती. अल्का शाळेतून थकून येते म्हणून मी कोहळं चिरून ठेवलं होतं. भाजी चिरायची पावशी मागच्या दारापुढे, सांदवाडीत, तशीच उभी होती. पाटावर पाय ठेवून वापरतो ती. पातं वर, धार पुढे. मी बिया वाळत घातल्या आणि खाटेवर उन्हात बसलो. चिरून झाल्यावर पावशी आडवी करून ठेवायची, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो, असं मला वाटते.

खुशीनं पुठ्ठ्याच्या खोक्याला सुतळी बांधली होती. तो तिच्या पप्पाचा ट्रक होता. मालवाहू. त्यात माती भरलेली. ट्रक उलटू नये म्हणून ती त्याच्याकडे तोंड करून, उलटी चालत, तो ओढत होती.

"ट्रक आला, ट्रक आला, बाजूले व्हा!"

ती मागे मागे दाराकडे जात होती. तिच्या मागे पावशी होती.

मला ते दिसत होतं. माझे डोळे चांगले आहेत. ती एक पाऊल मागे टाकत होती, ट्रककडे पाहत होती, माती सावरत होती, पुन्हा एक पाऊल. घाई नव्हती तिला. खुशी म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. मी फक्त तोंड उघडून बसलो.

सगळी सांदवाडी गप्प झाली होती. वेलावरची पाखरंही. आणि मी ऐकत होतो.

तिची पोटरी पात्याला लागली. पावशी आडवी पडली. ती मातीत बसली, पाय पुढे पसरून, आणि पोटरीच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसली. मग ती लाल झाली.

हाऽ.

इतका स्पष्ट मी तो बापाच्या खांद्यावरच ऐकला होता.

आधी मी पोरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती अजून. आपल्या पायाकडे पाहत होती. तिचे ओठ जरासे उघडे होते आणि भुवई वर गेली होती.

मग मी दाराकडे पाहिलं. दारात अल्का उभी होती.

ती आताच आलेली नव्हती. तिच्या चपला पायात नव्हत्या. पिशवी आत खुंटीला लागलेली होती. हातात पाण्याचा गिलास होता आणि तो अर्धा झाला होता. दारातून पावशी, पोरगी आणि मी, सगळं एका नजरेत दिसते. तिचे खांदे खाली येत होते. सावकाश. तिचे ओठ उघडे होते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. माझंही तोंड तेव्हा उघडंच होतं.

तिनं गिलास बाजूच्या कोनाड्यात ठेवला. सांडू न देता ठेवला. मग तिनं श्वास आत ओढला. मोठ्यानं, आईनं ओढावा तसा. "माय वं!" म्हणत ती धावली. पण तो श्वास नंतरचा होता.

मग खुशी रडायला लागली.

८

शालीकरामनं मोटरसायकल काढली. अल्का पोरीला घेऊन मागे बसली. मी दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवरून दवाखान्यात पोचलो. टाके घालावे लागले. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, आत या ना, पोरगी तुम्हाला बोलावते." मी गेलो नाही. बाहेरच्या बाकावर बसलो आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. आत सुई लागत होती. खुशी रडत होती, ते हातांमधूनही ऐकू येत होतं. दुसरं काही होतं की नाही, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. आणि हात थोडे सैल करावेत, असं वाटत होतं.

शालीकराम माझ्याजवळ बसला. "लेकरू आहे, पडनच. तू काऊन एवढा कापून राहिला गा?" त्यानं आपला शेला माझ्या अंगावर टाकला.

घरी आल्यावर अल्कानं स्वयंपाक केला. पोरीला जेवू घातलं. संघदीपचा फोन आला, तेव्हा तिनं सांगितलं, "खेळता खेळता पडली. मामाजी होते जवळ, मीही होती." त्याला एवढंच सांगितलं. वंदना त्या संध्याकाळी झाली नाही. दिवा मात्र लावला होता.

सकाळी ती नेहमीप्रमाणे शाळेत जायला निघाली. खुशी माझ्या खाटेवर झोपली होती, मी तिच्या बाजूला बसलो होतो. पट्टी बांधलेला पाय गोधडीच्या बाहेर आला होता. अल्का तिचा पाय झाकत होती, तेव्हा मी बोललो. आता नाही बोललो तर पुन्हा बोलता येणार नाही, असं वाटलं.

"अल्का, पावशी मले दिसत होती."

तिचा हात गोधडीवर थांबला.

"पोरगी मागं जाऊन राहिली होती, तेही दिसत होतं. हाक मारायले लई वेळ होता. मी मारली नाही."

ती ऐकत होती. वर पाहत नव्हती.

"हिले माह्याजवळ ठेवू नोको. आज तुह्यासंग घेऊन जा. शाळेत बसन एका कोपऱ्यात. मी संघदीपले सांगतो का सांगायचं ते. मी दुसरीकडं राहीन. पन हिले घेऊन जा."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. तिनं गोधडीची कडा सारखी केली. ती सारखीच होती.

मला तिथंच थांबायला पाहिजे होतं. माझा दोष मी सांगितला होता, तेवढा पुरे होता. पण सारी रात्र एकच गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे होती.

"बाई," मी म्हणालो, "तू दारात कवा आली होतीस?"

तिनं वर पाहिलं. तिचं तोंड मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडे असं पाहू नये. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी तिचे पाय धरले असते.

ती पोरीला उचलायला वाकली. दोन्ही हात पुढे केले, एक मानेखाली, एक गुडघ्याखाली जाईल असे. हात पोरीच्या अंगाजवळ आले आणि तिथंच थांबले. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते मागे घेतले आणि पदराला पुसले. ते कोरडेच होते.

खुशी झोपेत कुशीवर वळली. तिचा हात माझ्या मांडीवर पडला.

अल्कानं खुंटीवरची पिशवी घेतली, चपला पायात घातल्या, फाटक उघडलं, आणि शाळेच्या रस्त्यानं, मान खाली घालून चालत गेली.